अपाची कॅमलमधून दुसऱ्या सर्व्हरवरील टॉपिकचे संदेश का मिळत नाहीत?

अपाची कॅमल या प्रणाली जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमधला रूट (संदेशांचा ठरवलेला मार्ग) विनातक्रार सुरू होतो, पण दुसऱ्या सर्व्हरवरील अ‍ॅक्टिव्हएमक्यू या ब्रोकरच्या (संदेश स्वीकारून पुढे देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) टॉपिकवर, म्हणजे प्रत्येक सदस्याला संदेशाची प्रत देणाऱ्या वाहिनीवर, आलेला एकही संदेश त्यात पोहोचत नाही, असा आपला प्रश्न आहे. याचे कारण बहुधा एंडपॉइंटच्या (रूट जिथे जोडला जातो त्या टोकाच्या) पत्त्यात असावे. 'जेएमएस' (जावाची संदेश-सेवा) आणि अपूर्णविराम यांच्यानंतर थेट नाव लिहिले, तर कॅमल ते क्यूचे (प्रत्येक संदेश एकाच ग्राहकाला देणाऱ्या रांगेचे) नाव समजतो, आणि अ‍ॅक्टिव्हएमक्यू मूळ सेटिंगनुसार त्या नावाची रिकामी क्यू स्वतःच तयार करत असल्यामुळे लॉगमध्ये एररही दिसत नाही. नावाआधी 'टॉपिक' हा शब्द आणि आणखी एक अपूर्णविराम घालावा. ब्रोकरच्या वेब कन्सोलवर क्यूंच्या यादीत तेच नाव आढळले, तर निदान पक्के समजावे.

ब्रोकरच्या यूआरएलमध्ये त्या सर्व्हरचे नाव आणि पोर्ट (सहसा ६१६१६) द्यावा. हा पत्ता 'फेलओव्हर'च्या कंसात लिहिल्यास तुटलेली जोडणी आपोआप पुन्हा होते.

रूट बंद असताना आलेले संदेशही हवे असतील, तर क्लायंट आयडी आणि ड्युरेबल सबस्क्रिप्शनचे नाव ही दोन्ही द्यावी लागतात. मात्र एका क्लायंट आयडीवर ब्रोकर एका वेळी एकच जोडणी स्वीकारतो, त्यामुळे त्याच सेटिंगने अ‍ॅप्लिकेशनची दुसरी प्रत चालवल्यास ती नाकारली जाते. कन्करंट कन्झ्युमर्सची (एकाच वेळी संदेश घेणाऱ्या ग्राहकांची) संख्या एकच ठेवावी. क्यूच्या सवयीने ती वाढवली, तर साध्या (ड्युरेबल नसलेल्या) सबस्क्रिप्शनमध्ये प्रत्येक कन्झ्युमरला त्याच संदेशाची वेगळी प्रत मिळते आणि पुढची प्रक्रिया तितक्या वेळा चालते.