मास्टर्स गोल्फ स्पर्धेचा निकाल मंगळवारी का?

प्रश्न: गोल्फची बातमी आपल्या पेपरात शिळीच का येते हो? मॅकिलरॉय मास्टर्स जिंकला ते मोबाईलवर सोमवारी सकाळीच कळलं, पेपरात मात्र मंगळवारी, तेही चार ओळी.
– एक वाचक, चेंबूर

उत्तर: अहो, घड्याळाचा घोळ आहे. मास्टर्स होते ते अमेरिकेतलं ऑगस्टा एप्रिलमध्ये आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणजे तिथे रविवारी संध्याकाळी ७ ला शेवटचा पट (चेंडू भोकात ढकलायचा फटका) बसतो तेव्हा इथे सोमवारचे पहाटे साडेचार, पेपर छापून गाड्या सुटलेल्या असतात, आणि २०२५ ला तर जस्टिन रोजशी बरोबरी होऊन प्लेऑफ (निकालासाठी जादा खेळ) झाला म्हणजे अजूनच उशीर. चार ओळींचं समर्थन मात्र मी करणार नाही, चारही मेजर, म्हणजे गोल्फच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकणारा मॅकिलरॉय फक्त सहावा माणूस! आणि तिथे हजर असलेल्या पत्रकारांचंही काही सोपं नाही बरं का, ऑगस्टाला त्यांना दोरीच्या आत, खेळाडूंच्या बाजूला, सोडत नाहीत, कोर्सवर मोबाईल बंदी, मग गर्दीत माना उंचावून बघायचं, वहीत खरडायचं आणि प्रेस बिल्डिंगला परत येऊन टाइप करायचं. आपला गोल्फर शुभंकर शर्मा २०२३ च्या ओपनमध्ये (हीही एक मेजर) संयुक्त आठवा आला, ती ओपन मात्र ब्रिटनमध्ये, आपल्या रात्री संपते, तिथे पेपरवाल्यांना उशिराचं कारण चालणार नाही.