हातवाऱ्यांवरून समोरच्याच्या मनातलं खरंच ओळखता येतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. नाकाला हात लावला म्हणजे थाप, हाताची घडी म्हणजे नकार, बोटांची टोकं जुळवली म्हणजे आत्मविश्वास, असा जो तक्ता सगळीकडे फिरतोय तो कितपत खरा? आणि येत्या मुलाखतीत स्वतःच्या हातांचं काय करायचं?

तक्ता सरळ बाजूला ठेवा. हातांच्या हालचाली निदान तीन जातींच्या असतात आणि तक्त्यात नेमकी तीच जात भरली आहे जिला ठरलेला असा काही अर्थच नसतो. मी पदार्थविज्ञान शिकवतो. फळ्यासमोर उभ्या असलेल्या पोराच्या हातांकडे बघणं हा माझ्या कामाचाच भाग आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

पहिली जात ठरलेल्या खुणांची. १९६९ साली पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी अशाब्दिक वर्तनाचे पाच गट पाडले, त्यात या खुणा वेगळ्या काढल्या. त्यांची ओळख सोपी आहे. एक शब्द न बोलता त्या करता येतात, त्या समाजातल्या सगळ्यांना त्या समजतात आणि त्यांचा अर्थ एकदोन शब्दांत सांगता येतो. वर केलेला अंगठा, दोन बोटांचा ‘व्ही’, ओठांवर ठेवलेलं बोट या सगळ्या त्यातल्याच. क्रिकेटमधल्या पंचाचं वर गेलेलं बोटही. इथे ‘याचा अर्थ काय’ हा प्रश्न रास्त आहे, फक्त त्याला लागूनच ‘कुठे’ हेही विचारावं लागतं.

अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेला गोल घ्या. अमेरिकेत तो ‘ठीक आहे’, जपानात पैसे, फ्रान्समध्ये शून्य म्हणजे कवडीमोल आणि ब्राझीलमध्ये चक्क शिवी. बरं, जागा तीच राहिली तरी अर्थ जागेवर राहील याची खात्री नाही. २०१७ साली इंटरनेटवर काही टवाळांनी मुद्दाम वावडी उठवली की हा गोल म्हणजे गोरे लोकच श्रेष्ठ मानणाऱ्या वर्चस्ववाद्यांची गुप्त खूण. थट्टेथट्टेत काही खरेखुरे वर्चस्ववादी ती खूण करू लागले आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्या अँटी-डिफेमेशन लीग या द्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेला ती द्वेषचिन्हांच्या यादीत घ्यावी लागली. बहुतेक वेळा तिचा जुना साधा अर्थच असतो, अशी पुस्ती जोडूनच.

पाण्याखाली तर वेगळाच कारभार. स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांत ‘मी ठीक आहे’ यासाठी हाच गोल दाखवतात आणि वर केलेला अंगठा म्हणजे ‘वर चला’. नवशिक्याने खुशीत येऊन अंगठा दाखवला, की जोडीदार डुबकी आवरती घेऊन वर निघतो. किनाऱ्यावर आल्यावर हाच अंगठा पुन्हा शाबासकीचा. इराणमध्ये तो जुन्या माणसांना दाखवाल तर शिवी दिल्यासारखा लागू शकतो.

‘व्ही’ची गोष्ट जरा रंजक आहे. दुसऱ्या महायुद्धात, १४ जानेवारी १९४१ला, बीबीसीच्या बेल्जियमसाठीच्या प्रसारणात तिथले नेते व्हिक्टर द लाव्हले यांनी ‘व्ही’ हे अक्षर विजयाचं चिन्ह म्हणून वापरा असं आवाहन केलं. पुढे चर्चिलनी ते बोटांवर घेतलं. पण ब्रिटनमध्ये तळहात बाहेरच्या बाजूला असेल तर विजय आणि स्वतःकडे असेल तर घाणेरडी शिवी, आणि सुरुवातीच्या काळात खुद्द चर्चिलचाही तळहात कधीकधी उलटा दिसतो. १९९२च्या जानेवारीत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी ऑस्ट्रेलियात, कॅनबेरामध्ये, गाडीतून लोकांना असाच उलटा ‘व्ही’ दाखवला. बोटं तीच, मनगट तेवढं फिरलेलं.

पाचही बोटांची टोकं वर करून एकत्र आणली की इटलीत ‘अरे, म्हणायचंय काय तुला?’ आणि इस्राएलमध्ये ‘जरा दम धर’. २०२० साली या खुणेचं इमोजी आलं आणि प्रत्येक देशाने ते आपापल्या अर्थाने वापरायला घेतलं.

ओघात एक सांगून टाकतो. बहिऱ्या लोकांची सांकेतिक भाषा यात धरू नका. तिला स्वतःचं व्याकरण असतं. विल्यम स्टोको या अभ्यासकांनी १९६० साली अमेरिकन सांकेतिक भाषेबद्दल हे दाखवून दिलं आणि तेव्हापासून तिला ‘हातवारे’ म्हणणं हे अज्ञानच.

आता दुसरी जात, म्हणजे चाळे. नाक खाजवणं, अंगठी फिरवणं, केसांशी खेळणं, पेनाचं टोपण उघडझाप करणं. तुमच्या तक्त्याचा जीव इथेच आहे. चाळे ताणाने होतात, कंटाळ्याने होतात, सवयीने होतात आणि खाज सुटली म्हणूनही होतात. मुलाखतीला आलेला अगदी खरं बोलणारा माणूससुद्धा चाळे करतोच, कारण तो घाबरलेला असतो. २००३ साली मानसशास्त्रज्ञ बेला डिपॉलो आणि सहकाऱ्यांनी खोटं ओळखण्याच्या तोवरच्या अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला. १५८ लक्षणं तपासली. बहुतेकांचा खोटेपणाशी संबंध एकतर नव्हता किंवा फारच पुसट होता. चार्ल्स बाँड आणि डिपॉलो यांच्या २००६च्या हिशेबात माणसं खरं-खोटं सरासरी ५४ टक्के वेळा ओळखतात असं निघालं. नाणं उडवून ५० टक्के येतात. तेव्हा ‘मी माणूस बघूनच ओळखतो’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, की मी विषय बदलतो.

हाताच्या घडीचंही तसंच. खोलीत गारठा असतो, खुर्चीला हात नसतात, किंवा माणूस नीट कान देऊन ऐकत असतो. एकाच माणसाला बराच वेळ बघितलंत आणि मोकळेपणाने चाललेलं बोलणं एका ठरावीक विषयाशी आल्यावर त्याचे हात अचानक थिजले, तर काहीतरी बदललंय एवढं म्हणता येतं. काय बदललंय ते विचारावंच लागतं.

‘संवादात शब्द फक्त ७ टक्के, बाकी ९३ टक्के देहबोली’ हे वाक्यही तुमच्या वाचनात आलं असेलच. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या दोन छोट्या प्रयोगांतून ते आकडे आले. प्रयोगात सुटे शब्द, आवाजाची पट्टी आणि चेहऱ्याचे फोटो होते. प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही. हात त्यात कुठे नव्हतेच. परक्या भाषेतलं भाषण आवाज बंद करून बघा आणि त्यातलं ९३ टक्के कळतंय का ते स्वतःच ठरवा.

तिसरी जात बोलण्याबरोबर आपोआप चालणाऱ्या हातांची. तिच्यावर तक्ते निघत नाहीत, कारण ती सुटी काढून वाचताच येत नाही. आणि माझ्या मते वाचण्यासारखं सगळं तिच्यातच आहे.

हे हात फक्त समोरच्यासाठी चालत नाहीत. फोनवर बोलतानाही ते चालतात हे सगळ्यांनी पाहिलंय. याना इव्हर्सन आणि सुसान गोल्डिन-मेडो या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली जन्मांध मुलांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. ज्यांनी कुणाचे हातवारे कधी पाहिले नाहीत, ती मुलंही बोलताना डोळस मुलांइतकेच हात हलवतात; ऐकणाराही अंध आहे हे माहीत असतानासुद्धा. म्हणजे हात विचार करण्याच्या कामातच गुंतलेले असतात.

वर्गात एकदा अंतर आणि काळ यांचा आलेख चालला होता. रेघ वर चढत होती, पण चढता चढता आडवी पडत होती, म्हणजे वेग कमी होत होता. एका मुलीला विचारलं, वेगाचं काय होतंय? ‘वाढतोय सर,’ ती म्हणाली. त्याच क्षणी तिचा उजवा तळहात हवेत वर निघाला, वर जाता जाता कलला आणि शेवटी पार आडवा झाला. तोंड चुकलं होतं, हात बरोबर होता. मी चूक-बरोबर काहीच म्हटलं नाही. ‘आत्ता हाताने जे केलंस ते पुन्हा कर, आणि या वेळी हाताकडे बघत कर.’ तिने केलं, अर्ध्यात थांबली आणि म्हणाली, ‘नाही, कमी होतोय.’

यावर अभ्यास झालेला आहे. एकाच ग्लासातलं पाणी पसरट भांड्यात ओतलं की लहान मुलं म्हणतात पाणी कमी झालं, ‘कारण याची उंची कमी आहे’. पण काही मुलं तोंडाने उंची सांगतात आणि हाताने मात्र भांड्याची रुंदी दाखवतात. ब्रेकिन्रिज चर्च आणि गोल्डिन-मेडो यांना १९८६ मध्ये आढळलं की अशी, तोंड आणि हात यांचा मेळ नसलेली मुलं समजावून सांगितल्यावर जास्त शिकतात. त्यांच्या डोक्यात उत्तराचा दुसरा अर्धा भाग आलेला असतो, फक्त तो अजून शब्दांपर्यंत पोचलेला नसतो. उलटंही होतं. पोरगं ‘वेग कमी होतोय’ असं खणखणीत सांगतं आणि हात मात्र तिरका सरळ वर जातो. असं झालं की उत्तर पाठ केलेलं असावं असं धरून मी आणखी एक प्रश्न टाकतो.

भाषा बदलली की हे हातही बदलतात. ऑस्ट्रेलियातल्या गुगू यिमिथिर भाषेत डावं-उजवं न म्हणता पूर्व-पश्चिम म्हणतात. त्या भाषेतल्या एका माणसाने होडी उलटल्याची आपबीती १९८० साली पश्चिमेकडे तोंड करून सांगितली, तेव्हा त्याचे हात पुढच्या दिशेने कलंडले. दोन वर्षांनी तीच गोष्ट त्याने उत्तरेकडे तोंड करून सांगितली, तेव्हा हात उजवीकडून डावीकडे गेले. होडी दोन्ही वेळा पूर्वेकडून पश्चिमेकडेच उलटली! अँडीज पर्वतातल्या आयमारा भाषिकांत तर जुनी माणसं भविष्याबद्दल बोलताना हात खांद्यावरून मागे नेतात, कारण घडून गेलेलं समोर दिसतं आणि घडायचं असलेलं पाठीमागे असतं. हे रक्तातून येत नाही. नाझी मंडळी हातवारे वंशावरून ठरतात असं सांगत होती, त्या काळात डेव्हिड एफ्रॉन यांनी न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरितांचा अभ्यास केला (१९४१). दक्षिण इटलीहून आलेले लोक खांद्यापासून हात फेकून बोलायचे, पूर्व युरोपातून आलेले ज्यू कोपरं अंगाशी ठेवून, वेळप्रसंगी समोरच्याच्या कोटाला धरून. तिथल्या समाजात मिसळून गेलेल्या त्यांच्या पुढच्या पिढीत हा फरक जवळपास मावळला होता.

आता तुमची मुलाखत. बोटांची टोकं जुळवण्याचा वगैरे सराव करू नका. बोलण्यातला खरा हात शब्दाच्या किंचित आधी किंवा शब्दाबरोबर निघतो. घोटवलेला हात शब्द होऊन गेल्यावर येतो. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी बेगडी वाटतं. हाताची घडी, तोंडावर बोट असंही बसू नका. हात टेबलावर दिसतील असे मोकळे ठेवा, टिकटिक करणारं पेन बॅगेत टाका, आणि कामाबद्दल बोलताना हात चालले तर चालू द्या. उत्तर देताना अडकलात, तर सांगायची गोष्ट हाताने दाखवायला लागा. शब्द पुष्कळदा मागून येतो.

समोर परदेशी माणसं असतील तर अंगठा, गोल असल्या खुणा टाळा आणि आकडे तोंडाने सांगा. जर्मन माणूस अंगठ्यापासून मोजतो, जपानी माणूस उघड्या पंजाची बोटं मिटत मोजतो. तुमच्या बोटांचा हिशेब त्यांना लागेलच असं नाही. मुलाखत ऑनलाइन असेल तर लॅपटॉप जरा मागे सरकवा, छातीपर्यंत दिसलात की हात आपोआप चौकटीत येतात. आणि पार्श्वभूमी धूसर करायची सोय बंद ठेवा, ती हलत्या हाताची बोटं गिळते.