मासेरूची नोकरी, पण व्हिसा दक्षिण आफ्रिकेचाही

आफ्रिकेतल्या लेसोथो या देशाची राजधानी मासेरू इथल्या कापड कारखान्यात सुपरवायझरची नोकरी ठरली आहे, लेसोथोचा कामाचा परवाना आला की कागदपत्रांची कटकट संपली असे एजंट सांगतो, त्यावर विसंबावे का, असे आपण विचारले आहे. विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी मासेरूला नोकरीसाठी गेलो, तेव्हा अगदी याच शब्दांत मलाही निर्धास्त केले होते.

लेसोथोला चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेचा वेढा आहे. मासेरूहून बाहेर पडायचे म्हणजे विमानाने जोहान्सबर्ग, नाहीतर सीमेवरचा मासेरू ब्रिज ओलांडून रस्त्याने ब्लोमफाँटेन. दुखणे जरा गंभीर झाले, की तिथले डॉक्टरही सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या ब्लोमफाँटेनलाच जायला सांगतात. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा हवा आणि तोही अनेकदा ये-जा करता येईल असा हवा. मला पाठवणाऱ्या मुंबईच्या कार्यालयाने पैसे वाचवण्यासाठी एकाच प्रवेशाचा व्हिसा काढला. पुलावर दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडल्याचा शिक्का बसला आणि तो तिथेच निकालात निघाला. पुढे दाढेच्या सुजेने तोंड उघडेना, शस्त्रक्रिया ब्लोमफाँटेनला करायची ठरली, तेव्हा नव्या व्हिसासाठी लेसोथोच्या निवास परवान्याची प्रत लागणार होती. तो परवाना माझ्या पदवीच्या मूळ प्रमाणपत्रावाचून अडला होता आणि ते प्रमाणपत्र मुंबईच्या त्याच कार्यालयातल्या कपाटात होते. फोन केला की ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे ठरलेले उत्तर. फी घेताना मात्र हेच साहेब चहा पाजून दारापर्यंत सोडायला आले होते!

मी कायद्याचा जाणकार नाही आणि नियम बदलतात, त्यामुळे व्हिसाच्या अटी दूतावासाकडूनच पडताळून घ्याव्यात. तरीही मूळ प्रमाणपत्रे ॲपोस्टिल (परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचे सरकारी प्रमाणीकरण) करून स्वतःजवळच ठेवा, एजंटला केवळ प्रती द्या, आणि दक्षिण आफ्रिकेच्या व्हिसाचा व त्याच्या नूतनीकरणाचा खर्च कोणी करायचा हे करारात लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. मालकाने ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हटले, तर मी तरी ती नोकरी घेणार नाही.

जाता जाता एक सांगतो. पगार लेसोथोच्या चलनात, म्हणजे मालोटीत (एकवचन लोटी) मिळेल आणि एक लोटी म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा एक रँड हा दर ठरलेला आहे. रँड मासेरूत सर्रास चालतो, पण पुलापलीकडच्या दुकानांत लोटी सहसा कोणी घेत नाही. म्हणून निघण्याआधी बँकेतून रँड घ्यावेत.