नैराश्य आईकडून मुलीलाच येते का?

आपल्या आईला आणि मावशीला नैराश्याची औषधे चालू आहेत, मामा मात्र ठणठणीत आहेत. तेव्हा हा आजार बायकांच्याच बाजूने उतरतो का आणि बहिणीची सोयरीक पाहताना त्याचा घोर लावून घ्यावा का, असे आपण विचारले आहे. मी नांदेडला मानसशास्त्र शिकवते; तास संपल्यावर मुली हाच प्रश्न हळू आवाजात विचारतात.

हा आजार केवळ आईकडून मुलीकडे जात नाही. नैराश्याचे असे एक जनुक नाही. प्रत्येकी अगदी किंचित परिणाम करणारे शेकडो जनुकीय फरक मिळून धोका ठरतो, आणि ते बहुतांशी अशा गुणसूत्रांवर असतात जी मुलाला व मुलीला सारखीच मिळतात. वेगळेपण दिसते ते परिणामात. स्वीडनमधील पंधरा हजारांहून अधिक जुळ्यांच्या जोड्यांवरील २००६ च्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा स्त्रियांत ४२ टक्के आणि पुरुषांत २९ टक्के आढळला. म्हणून बहिणीला ४२ टक्के धोका आहे, असे मात्र समजू नये (वर्तमानपत्रे नेमकी इथेच घसरतात); माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकापैकी किती भाग जनुकांमुळे आहे, एवढेच तो आकडा सांगतो. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांना स्त्रियांत असे १६ आणि पुरुषांत ८ जनुकीय फरक ठळकपणे सापडले, परंतु त्यांच्याकडील स्त्री-रुग्णांची संख्या पुरुषांच्या दुप्पट होती, हे विसरून चालणार नाही.

माझी शंका वेगळीच आहे: मामांना कधी कोणी तपासले आहे का? पुरुषाचे नैराश्य पुष्कळदा रडण्यातून नव्हे, तर संतापातून आणि दारूतून बाहेर पडते. नापिकी आणि कर्ज यांनी पिचलेल्या आपल्या मराठवाड्यात त्याला ‘टेन्शन’ म्हणून सोडून दिले जाते, आणि देशात आत्महत्या करणाऱ्यांत पुरुषच अधिक असतात. असे न तपासलेले पुरुष अभ्यासातही निरोगी म्हणूनच मोजले गेले, तर स्त्री-पुरुषांतील जनुकीय फरकाचे मापही तेवढे डळमळीत होते.

आई-वडिलांपैकी एकाला नैराश्य असेल, तर अपत्याचा धोका साधारण दोन ते तीन पट वाढतो, मग तो मुलगा असो वा मुलगी. तरीही अशा बहुतेक मुलांना हा आजार होत नाही. सोयरीक यासाठी अडवू नये. बहिणीच्या बाळंतपणानंतरच्या महिन्यांत मात्र लक्ष ठेवावे आणि आईच्या आजाराची कल्पना तिच्या डॉक्टरांना आधीच द्यावी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत सल्ला मिळतो. तो मामांसाठीही आहे.