बॅशवरून झेडशेलवर जाताना बॅशआरसी फाईल तशीच उचलून चालेल का?

तशीच नको. बॅश आणि झेडशेल हे टर्मिनलात कमांड घेणारे दोन वेगळे शेल, आणि बॅशआरसी ही बॅशच्या सेटिंगची फाईल. तुम्ही लिहिलंय की नांदेडच्या ऑफिसात नवीन मॅक मिळालाय आणि जुनी बॅशआरसी झेडएसएचआरसी (झेडशेलची तशीच फाईल) म्हणून कॉपी केल्यावर प्रॉम्प्टचा, म्हणजे कमांड टाइप करायच्या जागेआधी दिसणाऱ्या मजकुराचा, पार विचका झाला. होणारच. 2019 च्या मॅकओएस कॅटालिनापासून मॅकवर झेडशेलच डीफॉल्ट येतो, आणि त्याला बॅशची प्रॉम्प्टची भाषा कळत नाही: युजरसाठी बॅकस्लॅश-यू नाही, टक्का-एन, फोल्डरसाठी बॅकस्लॅश-डब्ल्यू नाही, टक्का-टिल्ड. शेलचे पर्याय चालू-बंद करणाऱ्या शॉप्टच्या ओळीही काढा, तिथं सेटॉप्ट लागतं.

साधे एलियस (कमांडची छोटी नावं) आणि एक्स्पोर्ट (इतर प्रोग्रामांना मिळणारी व्हेरिएबलं) बिनधास्त न्या. ते एका वेगळ्या फाईलीत ठेवून दोन्ही आरसी फाईलींतून सोर्स केले, म्हणजे तिथून वाचून घेतले, की झालं.

खरी गोम तुमच्या बॅकअपच्या फंक्शनमध्ये आहे. एका व्हेरिएबलमध्ये ‘लातूर बीड परभणी’ ठेवून त्यावर फॉर लूप चालवताय ना? अवतरणचिन्हं नसली तर बॅश त्याचे तीन शब्द करतो. झेडशेल करत नाही. लूप एकदाच फिरतो आणि ‘लातूर बीड परभणी’ नावाचा एकच फोल्डर शोधत बसतो. माझ्या मते झेडशेलचंच बरोबर आहे. तिथं अ‍ॅरे (प्रत्येक नाव वेगळं ठेवणारी यादी) वापरा, फक्त त्याची मोजणी झेडशेलमध्ये 1 पासून असते, बॅशमध्ये 0 पासून.

स्वतंत्र स्क्रिप्टांना मात्र हात लावू नका. पहिल्या ओळीत बॅश लिहिलेलं असेल तर त्या बॅशमध्येच चालतात, टर्मिनलात शेल कुठलाही असो.