तुमचे प्रश्न : दादाशी बोलायचंय, पण सुरुवात कुठून करू?

मागच्या अंकात कोविड लसीच्या सक्तीबद्दल लिहिलं आणि खूप पत्रं आली, रागाची जास्त. बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारलीये, म्हणून चारच पत्रं घेतेय, पहिल्याला जरा जास्त जागा देतेय.

प्रश्न : ताई, 2021 मध्ये माझ्या दादाने लस घेतली नाही. ऑफिसने सर्टिफिकेट मागितलं, त्याने दिलं नाही, नोकरी गेली. तेव्हा मी घरच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं होतं की तुझ्यामुळे आई जाईल. आई ठणठणीत आहे पण आम्ही दोघं आजपर्यंत बोलत नाही. आता तो सगळ्यांना सांगतो की लस बनवणाऱ्यांनीच युरोपियन संसदेत कबूल केलं, लसीने संसर्ग पसरायचा थांबतो का हे तपासलंच नव्हतं. हे खरंय का? आणि खरं असेल तर मी चुकले का?

उत्तर : तो सांगतोय ते घडलंय. ऑक्टोबर 2022 मध्ये फायझरच्या एक अधिकारी युरोपियन संसदेच्या समितीपुढे आल्या होत्या, त्यांना विचारलं की लस बाजारात आणायच्या आधी ती प्रसार थांबवते का हे बघितलं होतं का, आणि त्या सरळ नाही म्हणाल्या. पण हे काही तेव्हा पहिल्यांदा बाहेर आलेलं गुपित नव्हतं, 2020 च्या ट्रायलचा पेपर सगळ्यांना वाचायला उपलब्ध होता. 43 हजारांहून जास्त लोक घेतले, साधारण निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं सलाइन, आणि मग वाट बघितली की लक्षणं येऊन पॉझिटिव्ह कोण होतं. 170 जण झाले, त्यातले 162 सलाइनवाले आणि 8 लसवाले. लस 95 टक्के परिणामकारक असं जे सगळीकडे सांगत होते, ते इथून आलं. हा माणूस दुसऱ्याला रोग देतो का, हा प्रश्न त्या ट्रायलमध्ये नव्हताच.

गडबड पुढे झाली. 'लस घ्या, साखळी तोडा' असं नेत्यांनी सांगितलं, टीव्हीने सांगितलं, मीही या पानावर लिहिलं होतं, आणि ते अर्धं वाक्य होतं. सुरुवातीच्या व्हेरियंटच्या वेळी लसीने प्रसार खरंच कमी होत होता, कारण ज्याला लागणच होत नाही तो दुसऱ्याला काय देणार, पण डेल्टा आला तेव्हा हा फायदा काही महिन्यांत उतरायला लागला आणि नोव्हेंबर 2021 मध्ये ओमिक्रॉन आल्यावर तर फारच तोकडा पडला. गंभीर आजार आणि मृत्यू यांच्यापासून मिळणारं संरक्षण मात्र त्यापेक्षा खूप जास्त टिकलं, म्हातारी माणसं आणि आधीपासून आजारी असलेल्यांच्या बाबतीत तर त्याने जीव वाचले, यात मला जराही शंका नाही.

आता बघा, 'लस घे, तू वाचशील' आणि 'लस घे नाहीतर तुझी नोकरी जाईल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला तुझं भलं एवढं कारण पुरतं. दुसरीला पुरत नाही, तिथे सिद्ध करावं लागतं की तू नाही घेतलीस तर दुसऱ्याचं नुकसान होतं, आणि हे कारण जसजसं लंगडं पडत गेलं तसतशी सक्तीही मागे घ्यायला हवी होती. ऑस्ट्रियाने फेब्रुवारी 2022 मध्ये सगळ्या सज्ञान लोकांना लस सक्तीची केली आणि मार्चमध्ये, दंड सुरू व्हायच्या आधीच, ओमिक्रॉनच्या काळात एवढी सक्ती प्रमाणाबाहेर आहे म्हणून तो कायदा स्थगित केला, पुढे रद्दच केला. बाकी बऱ्याच ठिकाणी कागद मागायची सवय कारण संपल्यावरही चालूच राहिली. एकदा कोविड होऊन गेलेल्याला तर कित्येक ठिकाणी हिशोबातच धरलं नाही, खरं तर युरोपियन युनियनच्या सर्टिफिकेटमध्ये जुलै 2021 पासून लस, निगेटिव्ह टेस्ट किंवा बरं झाल्याचा पुरावा यातलं काहीही चालत होतं.

म्हणजे तुमच्या दादाची नोकरी जायला नको होती असं माझं मत आहे. त्याचं काम काय होतं ते तुम्ही लिहिलं नाहीये, तो अतिदक्षता विभागात किंवा वृद्धाश्रमात असता तर मी वेगळं बोलले असते. लस न घेण्याचा त्याचा निर्णय मात्र मला तेव्हाही चूक वाटला असता, आजही वाटतो. आणि तुम्ही आईसाठी घाबरलात ते काही चूक नव्हतं, तेव्हा माणसं जातच होती. पण चारचौघांत भावाला खुनी ठरवणारं ते एक वाक्य चुकलंच. त्याच ग्रुपवर, सगळ्यांसमोर, तेवढं एक वाक्य परत घ्या. लसीवर वाद नंतर घालता येईल.

प्रश्न : पीसीआरचा शोध लावणाऱ्यानेच म्हटलं होतं की ही टेस्ट आजार ओळखायला वापरू नका. मग आमच्या साहेबांनी मला बरं झाल्यावरही निगेटिव्ह रिपोर्ट येईपर्यंत पाच आठवडे बिनपगारी घरी का बसवलं?

उत्तर : शोध लावणारे कॅरी मुलिस, 1983 चं काम, 1993 चं नोबेल. ते ऑगस्ट 2019 मध्ये गेले, कोविडचं नावही नव्हतं तेव्हा. त्यांची जी वाक्यं फिरतात ती एचआयव्हीमुळे एड्स होतो का या जुन्या वादातली आहेत, ती इकडे चिकटवू नका.

पण तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. पीसीआर प्रत्येक सायकलला, म्हणजे प्रत्येक फेरीला, व्हायरसचा तुकडा दुप्पट करते, म्हणजे 30 सायकलमध्ये एकाचे शंभर कोटींच्या वर होतात. त्यामुळे मेलेल्या व्हायरसचे उरलेसुरले तुकडेसुद्धा कित्येक आठवडे सापडत राहतात. तुकडा सापडणं आणि माणूस संसर्ग देणं या एकच गोष्टी नाहीत. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने मे 2020 च्या शेवटी सांगून टाकलं होतं की लक्षणं सुरू झाल्यापासून 10 दिवस आणि त्यावर लक्षणांशिवाय किमान 3 दिवस झाले की विलगीकरण संपवा, परत टेस्टची गरज नाही. तुमच्या साहेबांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

उलट बाजूनेही चुका झाल्या, माझ्याच घरात झाली. मला घसा दुखत होता, अँटिजेनची पट्टी केली, सी (पट्टी नीट चालतेय हे दाखवणारी खूण) समोर गडद रेघ आणि टी (व्हायरस सापडला हे दाखवणारी) समोर काहीच नाही, म्हटलं सुटलो, आणि बाबांच्या खोलीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी परत केली तर टी समोर एक रेघ, इतकी फिकट की पट्टी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली तेव्हा कुठे दिसली. तिसऱ्या दिवशी ती सी एवढीच गडद झाली. व्हायरस भरपूर असेल तेव्हाच ती पट्टी बोलते, पहिल्या दिवशीची निगेटिव्ह म्हणजे सुटका नव्हे. बाबांना झाला, सौम्य झाला, पण ते आठ दिवस मी नीट झोपले नाही.

प्रश्न : माझ्या 19 वर्षांच्या मुलाच्या छातीत दुसऱ्या डोसनंतर दुखायला लागलं. तपासणाऱ्यांनी मनाचे खेळ म्हणून परत पाठवलं, आणि मी लोकांना सांगितलं तर मलाच लसविरोधी ठरवलं.

उत्तर : तुम्हाला गप्प करणारे चुकले. एमआरएनए लसीनंतर (फायझर, मॉडर्ना यांच्या), खास करून दुसऱ्या डोसनंतर आणि तरुण मुलांमध्ये, हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते हे 2021 मध्येच कळलं होतं. दुर्मिळ आहे आणि बहुतेक मुलं बरी होतात, पण वय 19, दुसरा डोस आणि छातीत दुखणं असं असताना ईसीजी आणि हृदयाच्या स्नायूला इजा झालीये का ते सांगणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी व्हायलाच हवी होती. मुलाला अजून काही त्रास असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा आणि डोसची तारीख सांगा.

आणि असं सांगणाऱ्या लोकांमुळेच लस सुरक्षित होते हो. ॲस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर रक्ताच्या गाठींचे विचित्र रुग्ण दिसले, नोंदले गेले, म्हणून मार्च 2021 मध्ये युरोपातल्या बऱ्याच देशांनी ती थांबवून तपासली आणि ब्रिटनने एप्रिलमध्ये 30 च्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस द्यायचं ठरवलं. त्या रुग्णांनाही कुणी लसविरोधी म्हणून हाकललं असतं तर ते कळलंच नसतं.

प्रश्न : सक्तीशिवाय साथ आटोक्यात आल्याचं एक तरी उदाहरण आहे का?

उत्तर : अजिबात सक्ती नव्हती असं उदाहरण नाही सांगता येणार, पण इंग्लंडमधलं लेस्टर शहर बघा. तिथे 1853 च्या कायद्याने बाळांना देवीची लस सक्तीची होती, न दिल्यास दंड, दंड न भरल्यास घरातलं सामान जप्त नाहीतर तुरुंग. लोक इतके चिडले की मार्च 1885 मध्ये हजारो जण रस्त्यावर उतरले. शेवटी 1898 मध्ये सद्सद्विवेकाला पटत नसेल तर सूट असा कायदा करावा लागला.

पण लेस्टरने लस नको म्हणून हात झटकले नाहीत, साथ आटोक्यात ठेवायला दुसरी पद्धत बसवली. देवीचा रुग्ण दिसला की लगेच कळवायचं, त्याला इस्पितळात वेगळं ठेवायचं, घर धुऊन काढायचं, घरच्यांना विलगीकरणात ठेवायचं, आणि जे परिचारक रुग्णाजवळ जायचे त्यांनी लस घ्यायची. शिवाय विलगीकरणात बसलेल्यांना बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायची. मला यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. कोविडमध्ये कित्येकांनी टेस्टच केली नाही, आणि त्यांना बेजबाबदार म्हणून मोकळे झालो आपण, पण पॉझिटिव्ह आलं की पंधरा दिवसांची कमाई बुडणार आणि घरात साठवलेलं काही नाही, अशा माणसाने नाकात काडी घालून घ्यायला स्वतःहून का यावं, हे फार थोड्या सरकारांनी विचारलं.