आजोबांच्या सायकलची जाम झालेली सीट आणि कॉटर पिन कशी काढायची?

तुमची सायकल अमळनेरजवळच्या गावात गोठ्यात पंधरा वर्षं उभी होती, सीटचा पाइप हलत नाही, कॉटर (क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, मधल्या एक्सलला धरून ठेवणारी पिन) निघत नाही, म्हणून कोणतं तेल वापरू असं विचारलंय. मी पारोळ्याचा. जुन्या रोडस्टर सायकली उघडायचा छंद आहे, धंदा नाही, त्यामुळे चुका भरपूर करून झाल्यात.

तेलाच्या नावापेक्षा तुम्ही त्याला वेळ किती देता ते बघा. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून आट्यांमधली फट ठासून भरते. तिथे शिरायला तेल पाण्यासारखं पातळ हवं. ग्रीस किंवा इंजिन ऑइल वरच बसून राहतं. खोबरेल, गोडेतेल तर नकोच. खोबरेल आपल्याकडच्या थंडीत बाटलीतच गोठतं, आणि गोडेतेल काही महिन्यांत चिकट होतं.

डब्ल्यूडी-४० सगळीकडे मिळतं, पण ते १९५३ साली अमेरिकेत पाणी हटवण्यासाठी बनलं. नावातला ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. साध्या गंजाला चालतं. हट्टी गंजासाठी ‘पेनिट्रेटिंग ऑइल’ लिहिलेला डबा मागा. अ‍ॅसिटोन आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गाड्यांच्या गिअरबॉक्सचं तेल) निम्मंनिम्मं हलवून करतात, ते मिश्रण खरंच शिरतं. पण अ‍ॅसिटोन भपकन पेट घेतं आणि रंग खातं. आजोबांच्या सायकलवर सोनेरी रेघा, कंपनीचा छाप शिल्लक असेल तर त्याच्या जवळपासही नेऊ नका. घासलेट किंवा डिझेल हळू काम करतं, पण करतं.

सकाळ-संध्याकाळ थेंब टाका, हातोडीने आजूबाजूला (पिनीच्या टोकावर नको) हलके ठोके द्या, आणि तीन-चार दिवस असंच चालू द्या, घाई विसरून जा. आमच्या इथले एक म्हातारे मिस्त्री म्हणायचे, “तेल टाक नि घर जाय भो, सकाय देखसूत.” मला हे तेव्हा आळशीपणाचं वाटायचं.

मे महिन्याच्या उन्हात सायकल ठेवली की लोखंड फुगून सुटतं, असंही कुणी सांगेल. पाइप आणि फ्रेम दोन्ही सारखंच फुगतात, त्यात सुटणार काय? उन्हाने तेल पातळ होतं, तेवढाच फायदा. ब्लो लॅम्पने फक्त बाहेरचा भाग तापतो, म्हणून तो उपयोगी. पण तेल लावलेल्या जागेवर आग नेऊ नका.

आता कॉटर. पहिल्यांदा मी नट पूर्ण काढला आणि पिनीच्या टोकावर बारीक बारीक ठोके मारत बसलो. टोकाची छत्री झाली, आटे गेले, शेवटी ड्रिल मारून पिन काढावी लागली. तुम्ही नट पिनीच्या टोकाच्या बरोबरीला येईपर्यंतच सैल करा. क्रँकखाली जाड लोखंडी पाइपचा तुकडा उभा करून पक्का आधार द्या, पिनीचं डोकं त्या पाइपच्या पोकळीत यायला हवं. आधार नसेल तर सगळा मार बेअरिंगच्या छर्‍यांवर जातो. मग जड हातोडीने एकच सरळ दणका. दहा हलक्या ठोक्यांनी पिन फक्त चेपते.

सीटचा पाइप ओढू नका, पिळा. क्लॅम्प सैल करून सीट काढा, सायकल उलटी करा. क्रँकचा एक्सल काढलेला असेल तर त्या कप्प्यातून सीटच्या नळीत तेल सोडा, म्हणजे गंजाला आतून पोहोचतं. म्हणून कॉटर आधी काढा. दोन-तीन दिवसांनी पाइपचं टोक वर्कशॉपमधल्या वाइसमध्ये आवळा आणि सायकलची फ्रेमच हँडलसारखी फिरवा. एवढा लांब दांडा दुसरा मिळणार नाही. पहिल्यांदा ‘कर्र’ झालं की थांबा, पुन्हा तेल, मग थोडं इकडे, थोडं तिकडे.

पॅडलही काढणार असाल तर डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतं. मी एकदा ते पान्याला पाइप लावून अर्धा तास आणखी आवळत होतो.

आणि निघालेली कॉटर फेकू नका. पिनींची जाडी आणि उतार वेगवेगळे असतात, नवी घेताना दुकानात जुनी दाखवावी लागेल.